बायचा घास

बाय गेल्याचं कळलं तेव्हा मी कोपरखैरण्याच्या बाजारात बोंबील निवडत होतो. तिच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. "मामा, आई झोपेतच गेल्या..." कोळणीने पुढे केलेली पिशवी घ्यायचंही सुचलं नाही. तसाच बोनकोड्याला बायच्या घराकडे चालत सुटलो.

बाय माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, म्हणून मला तिनेच भरवलं. दारात कुणीही येवो, आधी जेवलास का, मग बाकीचं. अशा बाईला गेल्या वर्षी पक्षाघात झाला. हातपाय सावरले, बोलणं परत आलं, पण गिळणं गेलं. पाण्याच्या घोटानेही ठसका लागायचा. अन्न फुप्फुसात उतरेल म्हणून नाकातून नळी घातली, तिच्यातून पातळ पेज जायची. फोडणीचा वास आला की बाय भिंतीकडे तोंड वळवायची. एकदा मला म्हणाली, "पोट भरतंय रं, पन मी जेवत नाय."

नळी काढायची की नाही, हे एक्स-रेखाली गिळतानाचा व्हिडिओ पाहून ठरतं. मशीन जवळच्या हॉस्पिटलात होतं, पण गिळण्याच्या तज्ज्ञ मॅडम दुसऱ्या शहरात. त्या व्हिडिओ कॉलवर बघणार होत्या. एक्स-रेत घास दिसावा म्हणून बेरियम कालवलेली लापशी बायने तोंडात घेतली. पडद्यावर जबडा, मानेचे मणके आणि खाली सरकणारी काळी सावली... गिळणं क्षणाचं असतं, आणि नेमकं तेव्हाच मॅडमकडचं चित्र धूसर होऊन अडकलं. पुढचं दिसलं तोवर घास निघून गेला होता. अन्ननलिकेत की श्वासनलिकेत, कळेना. बाय खोकली नाही, म्हणजे ठीकच असेल, असं मी विनवून पाहिलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खोकला न येताही घास चुकीच्या वाटेने जातो. जे मला दिसलं नाही, त्याला मी हो म्हणणार नाही."

मी चिडलो होतो. रिक्षात बायनेच माझा हात धरला. "बाई खरी हाय. परत येव."

परत गेलो. या वेळी कॉलवरच्या चित्रावर विसंबायचं नाही असं ठरलं होतं. मशीनमधलं मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं मॅडमकडे पाठवलं आणि त्यांनी ते थांबवून थांबवून पाहिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. पाणी अजून चुकतंय, पण हनुवटी खाली घेऊन घट्टसर घास गिळला तर तो नीट जातोय. हळूहळू सुरू करू या.

वैशालीने मऊ भातात काटे काढलेला बोंबील कुस्करला. बायने हनुवटी छातीशी नेली, गिळलं आणि डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "मीठ कमी हाय." वैशालीला रडू आवरेना. पुढे काही दिवसांनी नळीही निघाली.

घासानंतर आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा येत नाही ना, हे बघायला मॅडमनी एखादा शब्द बोलायला लावलं होतं. बाय दर घासाला "गेला" म्हणायची. तिचं "गेला" ऐकल्याशिवाय आमच्यातलं कुणी पुढचा घास उचलत नसे. असे काही महिने मिळाले. मग तिचं हृदयच थकलं...

परवा रविवारी बोनकोड्याला जेवायला गेलो. वैशालीने ताटं वाढली. पहिला घास घेतला आणि सगळ्यांचे हात ताटावरच थांबले. कुणी ठरवलं नव्हतं. आम्ही नुसते ऐकत बसलो होतो.