भाकरीच्या आवाजाला भिणारी माझी सून

बायांनो, मी बोलून राहिले, धाकटी सून लिहून राहिली.

थोरली सून कॅनडात हाय. ती ज्वारीची भाकर थापायला लागली की खालच्या मजल्यावरची बाई आवाजाची तक्रार करायची. पोरगी भेदरली. भाकर सोडली, अन् फोनवर एकच बोलणं, "आत्या, मला इथं न्हाई राहायचं."

आज व्हिडिओवर बघते तर तीच बाई हिच्या ओट्यापाशी, हात पिठात!

"आत्या, मीच बोलावलं. म्हटलं, कशाचा आवाज हाय ते बघून जा."

बाईची भाकर तव्यावर जायच्या आधीच फाटली. मी म्हणाले, "तिला सांग, तुझी पहिली याच्याहून वाईट होती."

"सांगितलं की!" सून खळखळून हसली.

आपल्या देगलूरची पोर हाय ती. माझी छाती लई फुगली.

तुमच्या लेकी-सुना परदेशात असतील, तर नुसतं "जेवलीस का" विचारता, का काय करून जेवलीस तेबी विचारता?