कबुतरांसाठी टांगलेली गाणी

आमच्या दाजींची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. बंद पडलेली लिफ्ट चालू झाल्याशिवाय हा माणूस जेवायला बसायचा नाही. आत कोणी अडकलेलं असेल तर दाराच्या फटीतून त्यालाच दम द्यायचा, "रडू नका, रडून मोटर फिरत नाही." निवृत्त झाल्यावर हा सगळा हट्ट घरी मुक्कामाला आला, तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीचं आता काही खरं नाही, असं मी गमतीनं म्हणायचो.

ताई गायची. एका हौशी वाद्यवृंदात तिनं बरीच वर्षं काढली. त्या मंडळींनी आपापसांत वाटायला एक डिस्क काढली होती, आणि तिच्यात ताईचं एकटीचं एक गाणं होतं. घरात इतरही डिस्कचा ढीग होता. मध्यंतरी दाजींना कपाट रिकामं करायची हुक्की आली. त्यांनी सगळी गाणी संगणकावर घेतली, आणि ताईच्या छोट्याशा प्लेअरमध्ये मावावीत म्हणून पार दाबून बारीक केली. गाणी काढून घेतल्यावर डिस्क जणू रिकाम्याच झाल्या, अशा थाटात त्यांनी त्या दोरीत ओवल्या आणि कबुतरं पळवायला गॅलरीत टांगल्या. कबुतरं काही गेली नाहीत.

त्यानंतर ताईचे कान हळूहळू गेले. श्रवणयंत्र बसवलं. माणसांचं बोलणं कळायला लागलं, पण गाणं हातचं गेलं.

"पत्र्यावर वाळू ओततायत असं वाटतं," ती म्हणाली, आणि प्लेअर कपाटात टाकून मोकळी झाली. गुणगुणणंही थांबलं. भांडी लावताना, कपडे वाळत घालताना जिचं तोंड कधी मिटलं नाही, ती बाई घरात मुक्यानं वावरायला लागली. मला तिच्याकडे जाणं नकोसं व्हायला लागलं, इतकं ते अंगावर यायचं.

दाजी मात्र हट्टाला पेटले. बघावं तेव्हा संगणकापुढे. गाण्याच्या फायली दोन जातीच्या असतात, हे त्यांनी शोधून काढलं, आणि मला समोर बसवून समजावलं. "एक थोरली, एक धाकटी. थोरलीत डिस्कवरचं सगळंच्या सगळं असतं, काही गळत नाही. जागा खाते, पण घरात राहायचं तर खाऊ दे. धाकटी अंगानं बारीक. फिरायला जाताना खिशात हीच. तुमच्या ताईला आपण इतके दिवस घरातसुद्धा धाकटीच ऐकवतोय, मेव्हणे. वाळू वाजणार नाही तर काय?"

मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

मग त्यांनी एक प्रोग्रॅम मिळवला आणि घरातल्या एकूण एक धाकटीची थोरली करायला घेतली. नवी ड्राइव्ह आणली. जेवणखाण, चहापाणी, सगळं त्या खुर्चीत. फायली फुगल्या की मला फोन यायचा, "किती पट झाली, विचारा." सगळं आटोपल्यावर त्यांनी ताईला मोठ्या स्पीकरसमोर बसवलं आणि तिचंच गाणं लावलं.

ताईनं थोडं ऐकलं. "वाळूच आहे हो," ती म्हणाली आणि उठून गेली.

दाजींनी यंत्रावर राग काढला. ताईला घेऊन तडक श्रवणयंत्र बसवणाऱ्या बाईंकडे गेले. मीही गेलो, भांडण झालं तर आवरायला कोणीतरी हवं म्हणून. बाईंनी यंत्र तपासलं, गाण्यासाठी त्यात वेगळी सोय करून दिली आणि विचारलं, "घरी गाणं कुठून लावता?"

"थोरलीवरून," दाजी ताठ बसून म्हणाले. मग थोरली म्हणजे काय ते सांगावं लागलं, आणि ती धाकटीपासून कशी केली तेही.

बाईंना हसू आवरेना. "काका, पुसट झेरॉक्सची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढलीत तर गेलेली अक्षरं परत येतात का? तुमची धाकटी नुसती फुगलीय. दाबताना जे गेलं ते गेलं. आणि कानात यंत्र असलं की असलं दाबलेलं गाणं कुणाकुणाला जास्तच खुपतं. मूळ डिस्क कुठायत?"

दाजींचा चेहरा पडला. ताईच म्हणाली, "गॅलरीत आहेत. कबुतरांसाठी."

परतल्यावर दाजी घरात शिरले, बूटसुद्धा न काढता स्टुलावर चढले आणि दोऱ्या कापायला लागले. मी म्हटलं, "दाजी, उन्हापावसात लोंबकळलेल्या त्या. सोडून द्या आता."

"लिफ्ट अडकली म्हणून आतल्या माणसाला सोडून देतात का?" ते वरूनच म्हणाले. "खाली धरा."

बादलीत कोमट पाणी आणि साबण. मऊ कापडानं मधून कडेकडे, गोल नाही, सरळ. कबुतरांनी आपली कामगिरी बजावलीच होती, ती सगळी आम्ही दोघांनी धुतली. आता दाजींनी दुसरा प्रोग्रॅम घेतला. तो डिस्क एकदा वाचून थांबत नाही. शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो, आणि जमलं नाही तर तसं कबूल करतो. बऱ्याच डिस्कमधलं काही हाती लागलं नाही. त्यांचं दाजींनी दुःख केलं नाही.

ताईची डिस्क पहिल्यांदा वाचलीच गेली नाही. दाजींनी ती पुन्हा धुतली, चष्मेवाल्याकडे जाऊन पॉलिश मागून आणलं, ओरखड्यांवर बोटानं हलके हलके घासलं. पुन्हा लावली. पुन्हा अडली. पुन्हा घासली. कितव्यांदा ते मी मोजलं नाही, पण ताईचं गाणं शेवटी सुरुवातीपासून अखेरपर्यंत बिनचूक उतरलं.

दाजींनी तिला हाक मारली. ती हात पुसत आली, ती कंटाळूनच. गाणं सुरू झालं. ती उभीच राहिली. मग खुर्ची ओढून बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो.

"थांबवा," ती एकदम म्हणाली. दाजींनी गाणं थांबवलं.

"दुसऱ्या कडव्यात मी सुराखाली उतरलेय. ऐकलंत? तेव्हाच म्हणत होते, परत घेऊ या. घाई कुणाची होती?"

"माझी," दाजी म्हणाले. "ड्यूटी होती."

"हे असं हवं होतं," ती म्हणाली, आणि ती ओळ गाऊन दाखवली. आवाज जाड झाला होता, मध्येच चिरकला. तिनं ती परत घेतली, मग तिसऱ्यांदा.

दाजी माझ्या कानाशी लागले. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "मेव्हणे, खरं सांगतो. मला थोरली काय, धाकटी काय, पहिल्यापासून दोन्ही ऐकायला सारख्याच लागतात."