मागचं डावं चाक

ज्ञानोबा शेळके मानेसरच्या एका मोटार कारखान्यात अकरा वर्षं चाकांचे नट आवळत होता. पट्ट्यावरून गाडी समोर आली की हवेची गन लावायची, नट घट्ट करायचे, पुढच्या गाडीकडे वळायचं. पाळीत चारशेवर गाड्या होत. लातूरच्या आयटीआयमधून तो थेट इकडे आला होता. गुडगावात एका खोलीत बायको रेवती आणि दोन मुलींसह राहायचा आणि कंपनीच्या बसनं ये-जा करायचा.

ग्रेटर नोएडात शर्यतीचा ट्रॅक झाला त्याच्या पुढच्या वर्षी क्षिप्रा नावाची इंजिनिअर कारखान्यात आली. ती मूळची पुण्याची. आठवडाभर ऑफिस आणि शनिवार-रविवार फॉर्म्युला गाड्यांच्या एका लहान संघाचं काम. कुठले टायर लावायचे आणि शर्यत चालू असताना ते कधी बदलायचे, हे ती ठरवी. तिला वेगवान हात हवे होते. घड्याळ लावून तिनं बाराजणांना पाहिलं आणि ज्ञानोबाला निवडलं. त्याच्याकडे मागचं डावं चाक आलं. शर्यतीच्या गाडीच्या दर चाकाला एकच मोठा नट. गाडी थांबली की तो सोडायचा, दुसऱ्यानं नवं चाक चढवलं की आवळायचा आणि हात वर करायचा. चारही हात वर गेले की गाडी सुटणार. संघाच्या लाल कपड्यांतला त्याचा फोटो रेवतीनं गावी पाठवला.

त्या दिवाळीत त्याच्या हातून चहाचा ग्लास पडला. उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती आणि त्यांना काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं गनची थरथर सोसून असं होतं, आता गन सोडा. रेवती म्हणाली, क्षिप्राताईंना सांगून टाका. पण मोसमाच्या दोनच शर्यती उरल्या होत्या आणि त्या झाल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. एकदा सरावात त्याच्या बोटांतून बोल्ट निसटला. क्षिप्रानं विचारलं तेव्हा त्यानं थंडीचं कारण दिलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

डिसेंबरातल्या शर्यतीत संघाचा चालक राघव दुसऱ्या क्रमांकावर होता. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वाढलेला, सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा, बावीस वर्षांचा. मऊ टायर लवकर झिजत होते. पुढच्या गाडीनं टायर बदलायच्या आधीच आपण बदलायचे, म्हणजे ती झिजल्या टायरांवर रखडेल तेवढ्यात आपण नव्या टायरांवर वेळ कापू, असा क्षिप्राचा हिशेब होता. त्यासाठी थांबा पाच सेकंदांच्या आत हवा होता. ठरल्यापेक्षा दोन फेऱ्या आधीच तिनं राघवला आत बोलावलं.

ज्ञानोबानं नट सोडला. नवं चाक चढलं. त्यानं गन लावून दाबली. नट बसला की मनगटाला एक झटका बसतो, एरवी तो खांद्यापर्यंत जाणवे. या वेळी काहीच जाणवलं नाही. बाकीचे तिघे हात वर करून उभे होते. त्यानंही केला.

तिसऱ्या वळणावर ते चाक निखळलं. गाडी गिरकी घेऊन टायरांच्या भिंतीवर आदळली. राघवचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

नंतर नट सापडला तो आटे गेलेला. चौकशीत सगळ्यांनी नटावरच बोट ठेवलं. क्षिप्रानंही तसाच अहवाल लिहिला आणि ज्ञानोबाला धीर दिला. चार दिवस तो गप्प कामावर गेला. पाचव्या दिवशी राघवला भेटायला हॉस्पिटलात गेला. राघवच उलट त्याची समजूत घालू लागला की खराब नटाला तुम्ही काय करणार.

"नट बसला की हाताला कळतं," ज्ञानोबा म्हणाला. "मला त्या दिवशी काही कळलं नाही. तरी मी हात वर केला."

"हाताला काय झालंय?"

ज्ञानोबानं सांगितलं. दिवाळीपासून ठाऊक होतं, हेही सांगितलं.

"मग बोलले का नाही, यार?" एवढंच म्हणून राघवनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्ञानोबा बाहेर पडला.

तिथूनच तो क्षिप्राकडे गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बोल्ट निसटला तेव्हाच मला शंका आली होती," ती म्हणाली. "पण तुमच्याइतका जलद माणूस मला दुसरा मिळाला नसता, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

तिनं अहवाल पुन्हा लिहिला, त्यात त्याच्याबरोबर स्वतःचंही नाव घातलं. संघानं दोघांनाही काढलं. राघवचं मनगट जुळलं, पण पुरतं वळेना. पुढच्या मोसमात त्याच्या जागी दुसरा आला. ज्ञानोबानं दोनदा फोन केला, राघवनं उचलला नाही.

कारखान्यात बातमी पोचल्यावर पट्ट्यावरच्या सगळ्यांचे हात तपासले गेले. आणखी सहाजणांची बोटं तशीच निघाली. कुणीच बोललं नव्हतं. सातही जणांना गनवरून काढून गोदामात पाठवलं. तिथे ओव्हरटाइम नव्हता, की पुढे बढतीही नव्हती.

त्या सहांतला सूर्यकांत नऊ वर्षं ज्ञानोबाच्या शेजारच्या गनवर होता. बदलीच्या दिवशी त्यानं विचारलं, "तुझं तू सांगितलंस, ठीक आहे. आमचे हात कशाला दाखवायला लावलेस?" त्यानंतर कंपनीच्या बसमध्ये त्याच्या बाजूची जागा रिकामी असली, तरी सूर्यकांत मानेसरपर्यंत उभ्यानं जाई.