पिवळं न पडणारं वॉर्निश

"चमक राहू द्या, मॅडम. पिवळं केव्हा पडते, ते सांगा."

कुठलीही बाटली हातात आली की काका आधी ती उन्हाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि हे वाक्य म्हणायचे. दुकानदाराने 'एकदम शीशे जैसा' म्हणून दिलेली असो, की मी कॉलेजातून आणलेली असो. चमकेचं त्यांना कौतुक नव्हतं. चमक कशी आणायची, हे त्यांना उभ्या आयुष्यात कुणी शिकवायची गरज पडली नव्हती.

मी मूळची कराडची. तीन वर्षांपूर्वी जबलपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले आणि चेरीताल भागात वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. एकदा गॅलरीत आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा शेजारच्या अंगणात एक उंच, वाकलेला म्हातारा मान वर करून ऐकत उभा होता. माझं बोलणं संपेपर्यंत तो हलला नाही. मग म्हणाला, "मराठी बोलून राहिल्या तुम्ही. कोणत्या गावच्या?"

मी गाव सांगितलं, नोकरी सांगितली, विषय सांगितला. रसायनशास्त्र म्हटल्याबरोबर काका "अच्छा" म्हणाले आणि घरात गेले. पाच मिनिटांनी माझ्या दारात उभे. हातात चहाची बशी, बशीत सहा डोळे.

तुम्हाला हसू येईल, पण मी एक पाऊल मागे सरले. शर्टाच्या बटणाएवढे, पांढऱ्या मातीचे, पण इतके जिवंत की सहाच्या सहा माझ्याकडे बघत होते. बुबुळात तपकिरीच्या तीन छटा होत्या आणि कडेला केसाएवढी काळी रेघ. दोन डोळ्यांवर एक लेप होता, दोनांवर दुसरा, दोनांवर तिसरा. यातला कोणता टिकेल, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

काकांचे वडील भंडाऱ्याकडून इथे कारखान्यात मजुरीला आले होते. काका स्वतः गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात पेंट शॉपला होते, आणि निवृत्त झाले तेव्हा रंगाच्या शेवटच्या हाताची तपासणी त्यांच्याकडे होती. रंगवलेल्या पत्र्यावरून बोटाचं मागचं पेर फिरवून ते खोट सांगायचे. माझ्या स्कूटरवरूनही त्यांनी ते एकदा फिरवलं आणि ती कधीतरी उजव्या बाजूला पडली होती, हे ओळखलं. मी ती जुनीच घेतली होती. मलाही ते माहीत नव्हतं.

काकूंना विसरण्याचा आजार होता. मी आले तेव्हाच त्या बऱ्याच लांब गेल्या होत्या. नागपूरला दिलेली मुलगी आली तर तिला 'बसा बाई' म्हणायच्या. एकदा घरी आलेल्या कुणाच्या तरी लेकराची प्लॅस्टिकची बाहुली मागे राहिली, ती काकूंनी उचलली आणि मग सोडलीच नाही. तिला त्या बाळी म्हणत. तिचं न्हाऊमाखू व्हायचं, तिला झोपवलं जायचं, आणि तेवढा वेळ काकू शांत असायच्या. पुढे त्या बाहुलीचे डोळे आत गेले. काकू दिवसभर रडल्या. तेव्हा काकांनी जुन्या सुती साडीची, कापूस भरलेली नवी बाहुली शिवली आणि तिचे डोळे स्वतः घडवले. शिवण ओबडधोबड होती, हात एक लांब एक आखूड होता. डोळे मात्र बघत राहावेत असे होते.

पहिल्यांदा त्यांनी कपाटासाठी आणलेलं उरलेलं वॉर्निश लावलं होतं. दोन महिन्यांत ते पिवळं पडलं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यापुढचं सांगितलं नाही.

मग आमचं काम सुरू झालं. काम म्हणजे काय, रविवारी सकाळी मी त्यांच्या गच्चीवर जायचे. तिथे कठड्यावर एक फळी होती आणि फळीवर ओळीने डोळे. अर्ध्यांवर काळा कागद झाकलेला, अर्धे उघड्या उन्हात. नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश चकाकलं, पण काकू बाहुलीच्या डोळ्यांचे पापे घ्यायच्या, त्याने ते पापुद्र्यासारखं निघून आलं. डब्यातून फवारायच्या वॉर्निशने खालचा रंगच विरघळवला. बुबुळ पांढऱ्यात ओघळलं, ते डोळे काकांनी घाईने खिशात टाकले. दोन बाटल्यांतलं मिसळून लावायचं रेझिन सगळ्यांत देखणं निघालं, ओल्या डोळ्यासारखं खोल. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच त्यावर चहाचा रंग चढला. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वॉर्निश तसंच्या तसं स्वच्छ राहिलं, पण त्याला तजेला नव्हता. काका म्हणाले, "हे आजारी वाटते."

मी त्यांना समजावलं की लेपातले रेणू उन्हाने तुटतात, म्हणून पिवळेपणा येतो. वर्गात सांगते तसं, फळ्याशिवाय. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे ऊनच?" त्यांनी विचारलं.

"मुख्यतः ऊनच."

ते फळीकडे बघत राहिले. मग, चलो, खाली जाऊ, म्हणाले. मला वाटलं त्यांना कंटाळा आला.

शेवटी मीच एक रेझिन मागवलं. छोट्या निळ्या दिव्याखाली धरलं की ते मिनिटभरात काचेसारखं घट्ट होतं. पिवळं पडत नाही, असं बाटलीवर लिहिलं होतं. काकांनी उन्हाकडे धरून नेहमीचा प्रश्न केला. मी म्हटलं, काका, हे नाही पडणार. महिनाभर फळीवर ठेवून बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, कशाला, नव्या पद्धतीचं आहे. शिकलेल्या माणसाचं ऐकावं, असं त्यांना वाटत असे. त्यांनी ते बाहुलीला लावलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी काका जिना चढून आले. पायात चपला नव्हत्या. काकू घरात नव्हत्या आणि बाहुलीही नव्हती. फाटकाची कडी उघडी होती. आम्ही स्कूटर काढली. त्या उन्हात रस्त्यावर कुणी नव्हतं. मागे बसून काका डावी-उजवीकडे बघत होते, आणि बहुधा मला दिसत नव्हते म्हणूनच बोलत होते.

त्यांची पहिली मुलगी बारा दिवसांची होऊन गेली होती. कावीळ. पंचेचाळीस वर्षं झाली. चौथ्या की पाचव्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, पोरीचे डोळे पिवळे दिसून राहिले. काका ड्युटीवर निघाले होते. ते म्हणाले, काही नाही, ऊन दाखव. पुढे चार दिवस त्या रोज म्हणाल्या आणि रोज हे तसंच म्हणाले. त्या दिवसांत ओव्हरटाइम चालू होता. घरी यायचे तेव्हा पोर झोपलेली असायची. "डोळे मी पाहिलेच नाही, मॅडम," ते माझ्या पाठीमागून म्हणाले. "पत्र्यावरचा डाग दहा फुटांवरून दिसे मले."

पहिलं वॉर्निश पिवळं पडलं, तेव्हाही काकू बाहुली घेऊन फाटकापाशी बसल्या होत्या. दवाखान्यात न्या म्हणून.

माझ्या रेझिनचा विचार मनात आला आणि मी स्कूटरचा वेग वाढवला.

काकू दोन चौक पलीकडे, एका औषधांच्या दुकानात सापडल्या. दुकानातल्या भल्या माणसाने त्यांना खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. तळपाय भाजले होते. पदराखाली बाहुली होती आणि तिचे डोळे खरोखरच पिवळे होते. फार नाही. पण पांढऱ्या मातीवर फार लागत नाही.

काकू काकांकडे बघून उठून उभ्या राहिल्या. नवऱ्यासाठी त्या तशा उठल्या नसत्या. "डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "बघा ना जरा. घरचे ऐकूनच नाही राहिले. ड्युटीवर गेले."

दुकानदार माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता काका म्हणतील, अगं मी आहे, चल घरी. त्यांनी बाहुली हातात घेतली. दारातल्या उजेडाकडे वळले, अंगठ्याने तिच्या एका डोळ्याखालचं कापड हलकेच ओढलं, मग दुसऱ्या. फार वेळ पाहिलं.

"पिवळे आहेत, बाई," ते म्हणाले. "तुमचं बरोबर होतं. भरती करू."

काकू पुन्हा खुर्चीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण त्यांचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर ओढलेले होते, हे मला तेव्हा कळलं.

बाहुली नऊ दिवस भरती होती. काकांनी जुने डोळे काढून नवे घडवले आणि त्यांना ते तजेला नसलेलं, पाण्याचं वॉर्निश लावलं. रोज एक पातळ हात, दिवसभर वाळू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा. आठ हात झाले. डोळ्यांवर कापडाची पट्टी बांधलेली बाहुली तोवर काचेच्या कपाटात होती. हल्ली कावीळ झालेल्या बाळांना काय करतात, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं, निळ्या उजेडाखाली ठेवतात. संध्याकाळी मी गेले तेव्हा कपाटात माझ्या रेझिनबरोबर आलेला तो छोटा दिवा लावलेला होता. त्या वॉर्निशला दिव्याची गरज नव्हती. काकू काचेपुढे पाट घेऊन बसल्या होत्या.

दहाव्या दिवशी बाहुली घरी आली. काकूंनी तिला खिडकीशी नेलं, दोन्ही डोळे तपासले आणि मान डोलावली. मी बाजूलाच उभी होते. आठ हातांनी डोळ्यांना थोडा ओलावा आला होता; झोपेतून उठलेल्या मुलीसारखा. मी काकांची माफी मागितली. त्यांनी हात हलवला आणि म्हणाले की बाटलीवर लिहिलेलं त्यांनीही वाचलं होतं.

त्या दिवसापासून काकूंच्या लेखी ते डॉक्टर झाले. नवरा म्हणून त्यांनी पुन्हा कधी ओळखलं नाही. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून काका स्वतःच्याच घराच्या त्या खोलीच्या दारात उभे राहत आणि "येऊ का, बाई?" असं विचारत. मग बाहुलीचे डोळे बघत, दूध पिते का विचारत. काकू सगळं सविस्तर सांगत. मी एकदा विचारलं, याचं वाईट नाही वाटत? त्यांनी ब्रश धुऊन फडक्याला पुसला. मग म्हणाले, "नवऱ्याले ती काहीच सांगत नव्हती, मॅडम. डॉक्टरले सांगते."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, एका चुकीभोवती आयुष्य बांधून बसलेली. काका तसे बसलेले दिसत नसत. भाजी आणत, वंदनेला विहारात जात, माझ्या नळाचा वॉशर बदलून देत. पण उन्हाळ्यानंतर ते वाळत गेले. छातीत दुखतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, रसायनशास्त्रवालीलाही नाही. डिसेंबरात एका सकाळी ते अंगणातल्या दोरीवर शर्ट वाळत घालत होते, तिथेच बसले. मी खाली पोचेपर्यंत संपलं होतं.

माणसं जमली, गेली. नागपूरची मुलगी आली. काकू आतल्या खोलीत बाळीला मांडीवर घेऊन होत्या. त्यांना सांगून बघितलं, पण नवरा त्यांच्यासाठी कधीचाच ड्युटीवर गेलेला होता. चौथ्या दिवशी मात्र त्या बेचैन झाल्या. दाराकडे बघत राहिल्या, केस नीट केले, बाहुलीला नवं झबलं घातलं. मुलीने ते पाहिलं आणि ती बाहेर अंगणात जाऊन रडली.

पंधरा दिवसांनी मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. वॉर्निशची उरलेली बाटली आणि बारीक ब्रश मी तिच्या पिशवीत ठेवले आणि हात कसा द्यायचा ते दाखवलं: पातळ, एका दिशेने, मग पूर्ण दिवस थांबायचं. तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

गाडी फाटकाशी आली. काकूंना आत बसवलं. मी खिडकीशी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि माझा हात धरला.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब आले की त्यांना सांगा. पोरगी चांगली आहे. दूध पिऊन राहिली."

मी म्हटलं, "सांगते."