खंडेनवमीला उलटी फिरलेली मशीन

कुठलीही लोखंडी वस्तू हातात आली की मिस्त्री आधी तिचं भोक डोळ्याला लावायचे. एक डोळा मिटून आभाळाकडे बघायचे, मग वस्तू खाली घेऊन त्याच डोळ्याने आणणाऱ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "वाकडं हाय. कुणी पाडलं?" पाडणारा समोर उभा असला तरी त्यांच्या आवाजात फरक पडत नसे. पुष्कळदा तर तो समोर असेल तेव्हाच ते विचारत.

घाटनांदूरला माझं नटबोल्टचं दुकान आणि त्यांचं पत्र्याचं शेड, मध्ये एक भिंत. एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून उभी हयात घालवून ते गावी परतले आणि नांगर, पेरणीयंत्रं, ट्रॉल्या दुरुस्त करू लागले. गिऱ्हाइकाला देव मानणं त्यांना मंजूर नव्हतं. देवालाही ते फारसं देव मानत नसत. कुणी मशीनला कुंकू लावलेलं दिसलं की म्हणायचे, "कुंकवानं बेअरिंग फिरत न्हाई बे. ग्रीस भर." असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. लोक त्याच्या तोंडाला भितात आणि काम मात्र त्याच्याकडेच नेतात.

एक दिवस त्यांनी परळीच्या भंगारातून ट्रॉलीत घालून एक पिलर ड्रिल आणली. माणसाएवढा लोखंडी खांब आणि त्यावर बसवलेली भोक पाडायची मशीन. सगळी गंजलेली, राखेने माखलेली, मोटर जळालेली. आम्ही हसलो. हातात धरायची चांगली ड्रिल घरात असताना हे धूड कशाला, असं मी विचारलं. हातातली ड्रिल फोटो टांगणाऱ्यांसाठी असते, असं उत्तर मिळालं.

खरं कारण मला पंधरा दिवसांनी कळलं. मी सहज शेडमध्ये डोकावलो तर मिस्त्री हातड्रिलने नांगराच्या पट्टीला भोक पाडत होते. बिट खुणेवरून घसरलं आणि पट्टीवर लांब ओरखडा उठला. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. मला पाहताच त्यांनी ड्रिल खाली ठेवली आणि त्या पट्टीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

खांबाला बसवलेली मशीन हलत नाही. हात हलला तरी बिट सरळ खाली उतरतं. ती चालली तर मिस्त्रींचं काम चालणार होतं. नाही चालली तर शेडला कुलूप, आणि पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसणं. मुलगा दर रविवारी फोन करून बोलावतच होता. हे मला कळलंय, असं मी त्यांना कधी कळू दिलं नाही. त्यांच्या तोंडाला मीही भीत होतो.

दोन महिने मशीनची सेवा चालली. अडकलेलं टेबल डिझेल पाजून सुटं केलं, खांब पॉलिश पेपरने घासला, बेअरिंग बदलले. बारके स्क्रू लावायची वेळ आली की भिंतीवर थाप मारून मला बोलवायचे. माझ्याच दुकानातले स्क्रू आहेत तर मीच लावले पाहिजेत, असा त्यांचा कायदा होता. काकू चहा आणायच्या आणि मशीनकडे बघून मला सांगायच्या, "चाळीस वर्सं संसार केला, पर माज्या डोक्याला कवा एवढं तेल लावलं न्हाई ह्यांनी."

जुनी मोटर थ्री फेजवर चालणारी. आमच्याकडे ती वीज पाळीपाळीने येते आणि पाळीलाही येईलच असं नाही. म्हणून शेळ्या विकून मोकळ्या झालेल्या एका पाहुण्याच्या कडबाकुट्टीची सिंगल फेज मोटर मिस्त्रींनी उचलून आणली. तिचा दांडा जाड निघाला, तर अंबाजोगाईला जाऊन पुलीचं भोक मोठं करून आणलं. त्या लेथवाल्याला ते काय काय बोलून आले असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन पुजतात. त्या दिवशी कुणी मशीन चालवत नाही. मिस्त्रींनी नेमका तोच दिवस धरला. चहाच्या टपरीवरचे पाचसहा जण बघायला जमले. पट्टी शिकंज्यात आवळली, बटण दाबलं, मशीन छान घुमली. बिट खाली आणलं तर लोखंड कापेना, नुसतं घासून धूर काढू लागलं. मशीन उलटी फिरत होती.

लोक हसले. आज चालवू नये, देवानं दाखवलं, असं कुणीतरी म्हणालं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "कावून हसायले बे? लई वर्सांनी उठलीय. आधी कूस बदलायलीय."

मोटरच्या डबीत दोन तारांची अदलाबदल केली की ती सुलटी फिरते. मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन उकिडवे बसले. पण टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. डबीवर नुसतं टकटक वाजत राहिलं. हळूहळू हसणं थांबलं. मला तिथे उभं राहवेना.

"चष्मा इसरलो," मिस्त्री म्हणाले. चष्मा नाकावर होता.

मी शेजारी बसलो, त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तारा बदलल्या. तेवढ्या वेळात त्यांनी माझी अक्कल, माझं दुकान आणि माझे गुरुजी, सगळ्यांना नावं ठेवली. इतक्या शिव्या मी आयुष्यात कधी आनंदाने खाल्ल्या नाहीत. मग बटण दाबलं. त्यांनी मशीनच्या हँडलवर दोन्ही हात टाकले, अंगाचा भार दिला आणि बिट लोण्यात उतरावं तसं उतरलं. लोखंडाच्या लांब साली वळत वळत बाहेर पडल्या.

पुढे तीन वर्षं त्या मशीनवर तालुक्याचे नांगर उभे राहिले. नंतर नंतर शिकंजा आवळायलाही भिंतीवर थाप पडू लागली. मी गिऱ्हाईक सोडून जायचो. उशीर झाला म्हणून बोलणीही खायचो.

गेल्या थंडीत मिस्त्री गेले. सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत थांबले नाहीत. भिंत गप्प झाली. मला अजून करमत नाही.

तेराव्यानंतर एक शेतकरी आपली पट्टी मागायला आला. चार खुणा केलेल्या, तीन भोकं पाडलेली. काकूंनी मला किल्ली दिली. चौथं भोक मी पाडलं. शिकंजा आवळताना पट्टी हलली आणि भोक खुणेपासून केसभर सरकलंच. शेतकऱ्याने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. माझं भोक कुठलं, ते त्याला ओळखता आलं नाही.

मिस्त्रींनी ओळखलं असतं, आणि चार लोकांत सांगितलंही असतं.