वन्संच्या घरची भाकरी

आमची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, पण दिसायची पाचाची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. जंताची औषधं झाली, अंगारे झाले, एका बाबाकडून ताईतही आणून झाला. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हिच्या आतड्यांना गहू चालत नाही. गहू म्हणजे चपाती, पाव, बिस्किटं, रवा, मैदा, शेवया, सगळंच आलं. आज नाही आणि पुढंही कधी नाही. "चिमूटभर गेला तरी आतून सोलवटतं," असं ते म्हणाले. ते मी गाठीला बांधलं.

आम्ही शिरूरला राहायचो. हे सणसवाडीच्या एका कंपनीत कामाला होते. घरात गहू टाळणं तसं अवघड नव्हतं. ज्वारी निवडायची, सकाळी गिरणी उघडली की पहिला डबा आपला लावायचा, आणि जात्यात आदल्या दिवसाचं काही राहिलं असेल म्हणून पहिल्या दोन-तीन ओंजळी बाजूला काढायच्या. डबीतल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर हिंग बंद केला. गिरणीत बायका कुरकुरायच्या, मी तिकडं लक्ष द्यायची नाही. काही महिन्यांतच पोरीच्या गालावर मांस दिसायला लागलं.

अवघड होतं ते घराबाहेर पडणं. त्यात आम्ही माळकरी. सासऱ्यांनी माळ घातल्यापासून घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. "मटण चालत न्हाई, चपाती चालत न्हाई, मग पाव्हण्यांनी वाढायचं काय, माती?" असं नात्यातल्या एका बाईनं मला भर लग्नात विचारलं होतं. चार जणी हसल्या होत्या. त्या चौघी कोण हे मला अजून सांगता येईल.

अशात दौंड तालुक्यातून नणंदेचा निरोप आला. तिच्या नातवाचं जावळ होतं. ही नणंद ह्यांच्याहून बरीच मोठी. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. त्यामुळं तिच्यासमोर ह्यांची मान वर व्हायची नाही. तिचं सासर खाणारं-पिणारं, उसाच्या शेतीचं, माणसांनी भरलेलं. मी म्हणाले, "तुम्ही एकटेच जाऊन या."

"आक्का काय म्हणंल? पोरीला घेऊन या म्हणून सांगितलंय."

मग मी पिठाचा डबा भरला, आपला तवा घेतला, राजगिऱ्याचे लाडू बांधले आणि निघालो. न्हावऱ्यापर्यंत एसटी मिळाली, पुढं चौफुल्याला जाणारी जीप. जीपमध्ये शेजारच्या बाईनं पोरीच्या हातात बिस्कीट दिलं. मी ते काढून घेऊन परत केलं आणि हिला चालत नाही म्हणाले.

"इख न्हाई घातलं त्यात," ती बाई म्हणाली आणि पुढचा सगळा रस्ता माझ्याकडं पाठ करून बसली. हे बाहेर बघत होते. ह्यांची ती सवयच होती, कुणी मला बोललं की बाहेर बघायची.

वन्संच्या दारात पिशवीतून तवा काढला तशी तिची नजर त्यावर गेली.

"आमचा तवा इटाळलाय व्हय गं?"

"तसं नाही वन्सं. तुमच्या तव्यावर चपात्या होतात. डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डागदर. मी चार वाढवली, एकाला डागदर दावला न्हाई."

त्या दिवशी मी गोठ्यामागं तीन दगड मांडून पोरीच्या भाकऱ्या केल्या. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वन्सं आपणहून जवळ आली. "तू भाज्या चिरायला बस. पोरीच्या भाकऱ्या मी टाकती. पीठ तुझंच, तवा तुझाच." मला बरं वाटलं. वाटलं, हिला पटलं असावं.

संध्याकाळी पोरीच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी उलटी झाली.

"उसाचा रस लई पिली आसंल," वन्सं म्हणाली.

तो जावळाचा दिवस. परड्यात बोकड शिजत होतं, मांडवाखाली माणसं जमायला लागली होती. थोडं दूध-भाकरी तरी पोटात जावं म्हणून मी भाकरी कुस्करायला घेतली. ज्वारीची भाकरी हातात धरून वाकवली की तिची कड मोडते. ही मोडली नाही. वाकली, जराशी ताणली गेली आणि मग चपातीसारखी फाटली. मी एक तुकडा तोंडात टाकून चावला. चिकट लागला.

मी तशीच चुलीपाशी गेले. वन्सं चपात्या लाटत होती, भोवती सात-आठ बायका होत्या.

"वन्सं, ह्यात गव्हाचं पीठ घातलंय?"

तिचं लाटणं थांबलं नाही. "व्हय. कालपासनं घालती, मूठभर."

"का?"

"तिची खोड मोडाय. लाडानं नासवलीस तू पोरीला. उद्या नांदाय गेल्यावं सासरची लोकं हिच्यापायी येगळी चूल मांडत्याल व्हय? काल दोनदा खाल्लं. मेली का?"

"मेली असती तर तुमच्याच दारात ठेवून गेले असते," मी म्हणाले.

एक म्हातारी म्हणाली, "नणंदेला आसं बोलू न्हाई, पोरी." मी तिच्याकडं बघितलंही नाही. तेवढ्यात कुणीतरी ह्यांना बोलावून आणलं. मी भाकरी ह्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, ह्यात गहू आहे, वन्संनी घातलाय.

"आक्का, खरं हाय?"

"तुला मी काय काय खाऊ घातलं, ते इचारलंस का कवा?"

मला वाटलं, आता हे परत बाहेर बघतील. पण ह्यांनी वाकून पिठाचा डबा उचलला, तवा उचलला आणि मला म्हणाले, "चल."

"पंगती बसायच्या हायत आन् सख्खा भाऊ उठून चालला. लोकं थुकत्याल माझ्या तोंडावर."

"थुकू दे," हे म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये पोरीला जुलाब झाले. लोकांनी नाकाला रुमाल लावले, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "उतरवा हिला, बाकीच्यांना बसायचंय." भर उन्हात आम्ही रस्त्याकडंच्या पाटावर तिला धुतलं. फ्रॉक ह्यांनी स्वतः धुतला, आणि पिळता पिळता म्हणाले, "आक्कानं वाढवलंय गं मला."

"म्हणून माझी पोर तिच्या हवाली करायची का?" मी म्हणाले. ह्यांचे डोळे भरले होते. ते मला दिसत होतं. मी समजूत काढली नाही.

पोरीला सावरायला कित्येक आठवडे लागले. डॉक्टर मलाच रागावले. आणि वन्संनी नात्यात काय सांगितलं, तर माळकऱ्यांना मटणाचा वास सोसला नाही, म्हणून ताटावरून उठून गेले. तळेगावच्या बाजारात एका लांबच्या नातेवाईक बाईनं मेथीची जुडी निवडता निवडता मला हेच ऐकवलं. मी तिला खरं सांगितलं, सगळं, भाकरी कशी फाटली इथपर्यंत. "आसंल बाई," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता.

हे दर भाऊबीजेला एकटे जायचे. मी अडवलं नाही, विचारलंही नाही. आता मुलगी मोठी झालीय, नोकरी करते. ती कधीमधी आत्याकडं जाते, डबा घरून नेते आणि आत्याच्या ओट्यावर बसून खाते. "आत्या आता म्हातारी झालीय, आई," ती म्हणते. "मी गेले की पहिलं ताट-वाटी स्वतः घासून देते. किती वर्षं धरून बसणार तू?"

भोगलं तिनं, आणि विसरलीही तीच. मला ते जमत नाही. गेल्या दिवाळीत वन्संनी तिच्या हाती मला साडी पाठवली. चांगली आहे, काठपदराची. घडी न मोडता ठेवलीय. कुणा लेकीबाळीच्या ओटीला देऊन टाकीन.