आमटीच्या तवंगावर

हे बघा, आधीच कबूल करून टाकतो. या किश्शातला वेडेपणा सगळा माझा. दुसऱ्या कुणाचा घालायला त्यात जागाच उरली नव्हती. चहा घेता घेता ऐका, पण घोट तोंडात असताना हसू नका. मागे एकाचा नवा सदरा गेला होता.

त्र्याहत्तर साल सरत आलं होतं. दुष्काळ नुकताच उठला होता आणि माझ्या भाचीची, शकूची, सोयरीक पुणतांब्याला जमत आली होती. आता फक्त बैठक, मग पंगत आणि मग सुपारी. पण आधीची दोन स्थळं याच टप्प्यावर मोडलेली. म्हणून दाजींनी, म्हणजे शकूच्या वडिलांनी, एस.टी.त बसतानाच मला बजावलं, "तुमी मामा हाय, यायलाच पायजे. पन तितं प्रोफेसरकी काडायची न्हाई. गपगुमान जेवायचं."

मी शब्द दिला.

आता माझी अडचण समजून घ्या. मी नगरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. पंधरा वर्षं पोरांना सांगत आलो होतो, की पेशीचं पटल म्हणजे पुरणपोळी. आत तेलकट मेदाचं पुरण, वरून-खालून प्रथिनांची पारी. फळ्यावर पोळी काढायची, खडू झटकायचा, मोकळं व्हायचं. आणि नेमका आदल्या दिवशी लायब्ररीत एका परदेशी नियतकालिकाचा अंक हाती लागला. बोटीनं आलेला, चांगला दीड वर्ष शिळा. त्यात एक चित्र होतं. त्या चित्रात पुरणपोळी नव्हतीच हो! होता दोन पदरी तेलाचा समुद्र, आणि त्यात प्रथिनांची ढेकळं. काही नुसती काठाला चिकटलेली. काही आरपार रुतलेली, डोकं या अंगाला आणि पाय त्या अंगाला. एकही जागेवर स्थिर नाही, सगळी सरकताहेत, आणि तरी पेशी फुटत नाही. ती रुतलेली ढेकळं बुडत का नाहीत? निसटत का नाहीत? याचं उत्तर पुढच्या पानावर असणार, आणि पुढचं पान कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेलं.

अशा डोक्यानं मी पुणतांब्याच्या पंगतीला बसलो.

पितळीत येसराची आमटी आली, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची. दोन वर्षं लोकांनी रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, कोरडी भाकरी खाल्लेली. पण मुलाच्या आईनं पाहुण्यांसाठी हात आखडला नव्हता. लालभडक तवंग, चांगला बोटभर. मी भाकरी मोडली, पितळीकडे पाहिलं आणि हात तिथेच राहिला.

अंकातलं चित्र माझ्या पितळीत होतं.

तेलाचा समुद्र. त्यावर कोथिंबीर वरवर चिकटलेली. आणि मधोमध येसराची एक गुठळी, निम्मी तेलात, निम्मी खाली रश्श्यात. मी बोटानं हळूच ढकलली. सरकली. बुडाली नाही, सुटलीही नाही. तिच्यामागे तेल आपोआप मिटून गेलं.

वाढायला मुलाचे काका आले. मी पितळीवर हात आडवा धरला, समुद्र ढवळला जाऊ नये म्हणून. ते पुढे गेले, पण वळून बघत गेले. मग मी शेजारी बसलेल्या मुलाच्या आजोबांच्या, आबांच्या, पितळीत डोकावलो. तिथेही गुठळी! मी आनंदानं त्यांना ती बोटानं दाखवली.

सोयरिकीच्या पंगतीत मुलीच्या मामानं आमटीतल्या गुठळ्या दाखवायच्या असतात का? पण मला शुद्ध कुठे होती?

अंकात लिहिलं होतं, वरवर चिकटलेली प्रथिनं खारट पाण्यानं सुटतात. मी मीठ मागितलं. काकांनी विचारलं, अळणी झाली का. मी म्हटलं, खायला नको, धुवायला हवंय. माजघरातून दोन-तीन डोकी बाहेर डोकावली. मीठ घातलं, आणि शपथेवर सांगतो, कोथिंबीर बाजूला झाली. गुठळी मात्र ढिम्म. बरोबरच होतं. आरपार रुतलेल्यांना मीठ पुरत नाही. त्यांना लागतो साबण.

मी साबण मागितला.

ज्याचा घास जिथे होता तिथेच राहिला. काकांनी धुण्याच्या साबणाची वडी आणून ठेवली. ठेवली कसली, आदळली. मी नखानं कीस काढून पितळीत टाकला, ढवळला. तवंग फाटला, त्याचे बारीक मणी झाले आणि गुठळी सुटून तळाला गेली.

"सुटली," मी म्हणालो.

"काय सुटलं?" मुलाची आई दारात उभी होती. पदर खोचलेला, हातात पळी. "मामा, दोन सालानं घरात येवडं तेल आलंय. आमच्या आमटीत काय निगालं, ते समद्यांम्होरं सांगा. न्हाईतर सुपारी ऱ्हाऊ द्या."

दाजींचा चेहरा बघवेना. शकूचं हे तिसरं स्थळ.

मग मी शब्द मोडला आणि सगळं सांगून टाकलं. आपल्या अंगात मोजता येणार नाहीत इतक्या पेशी आहेत, प्रत्येकीभोवती असाच तेलाचा पडदा आहे, आणि ही ढेकळं म्हणजे त्या पडद्यातली दारं. मीठ-साखर त्यांतून आतबाहेर करते. कुठेही खिळा मारलेला नाही. सगळं तरंगतंय, आणि त्याच्यावर आपण जगतोय.

आबांनी पितळी जवळ ओढली. "म्हंजी आत्ता, ह्या घटकेला, माज्या अंगात हे असं हालतंय?"

"हो आबा. जन्मल्यापासून."

आबांनी हाताच्या सुरकुतलेल्या कातडीकडे पाहिलं, मग पितळीकडे. हळूहळू अख्खी पंगत आपापल्या पितळीत वाकली. चाळीस माणसं, आणि प्रत्येकाचं बोट गुठळी ढकलतंय.

"पन ती बुडत का न्हाईत?" आबांनी विचारलं.

मी म्हटलं, तेच मला ठाऊक नाही, पान कापलेलं आहे.

"त्यात काय न कळन्यासारकं?" मुलाची आई म्हणाली. "परतताना ज्या अंगाला तेल लागलं, ते अंग तेल सोडीत न्हाई. कोरडं ऱ्हायलं ते पान्याकडं ओडतं. येकाच गुठळीला दोन अंगं. मंग ती वर येती व्हय, का खाली जाती?"

पुढे महिन्याभरानं पुण्याहून ते पान मिळवलं. शब्द वेगळे होते, म्हणणं हेच.

मी हात जोडले. "विहीणबाई, पंधरा वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं."

"ते ऱ्हाऊ द्या. आमटी चांगली हाय का?"

"उत्तम आहे."

"मंग टाकू नगा. आमच्यात पानात टाकत न्हाईत."

पितळीत साबण होता. चाळीस माणसं बघत होती. काय करणार? पितळी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. डोळ्यांतून धारा लागल्या. आबा शेजाऱ्याला म्हणाले, मानूस लई हळवा हाय.

ती माऊली जवळ आली. पितळी पुन्हा काठोकाठ भरली आणि गंभीरपणे विचारलं, "ह्यात साबन किसून देऊ, का तशीच चालंल?"

आधी आबा हसले, मग पंगत. त्या हसण्यातच सुपारी फुटली. फोडली कुणी, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही. शकू तिथे सुखात आहे.

मी मात्र पुढचे दोन दिवस नगरशेजारी केडगावला माझ्या घरी तांब्या खाली ठेवला नाही. कॉलेजला रजेचा अर्ज धाडला आणि कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं: प्रात्यक्षिक.